काळी एक, पांढरी चार

६ एप्रिल, रविवार

मूर्ति-मूर्ति-मूर्ति-मूर्... मूर्... मूर्ति! घ्या. आमच्या गाण्याचा गणपती करून ठेवला पुण्याच्या पोट्ट्यानं.

पण खरं सांगू? भल्ली मजा आली. 'मूर्तिजापूर' हे आमच्या बँडचं लोकांपुढे आलेलं पहिलंच गाणं. बँडचं नाव कोरडवाहू. धम्मदीप गातो अन् गिटार वाजवतो, बंडू ड्रम बडवतो, मी बास वाजवते अन् गाणी लिहिते. तिघंही अमरावतीचे, कॉलेजपासूनचे. फेब्रुवारीत गाणं नेटवर टाकलं. ऐकणाऱ्यांत अर्धे तर आमीच असू, घरच्यांच्या फोनवरून. आता धम्मदीपच्या ओळखीच्या एका पुण्याच्या पोरानं त्याचा रिमिक्स करून पाठवला, नाचायचा. तिकडच्या क्लबात वाजवतो म्हणे तो.

गाणं साधं आहे. एक दोस्त अकोल्याले, एक अमरावतीले. भेटायचं तर आहे, पण पूर्ण रस्ता यायले कोणीच तयार नाही. मग ठरतं, मधात भेटू. "तू तिकडून नीघ, मी इकडून येतो, मूर्तिजापूरले उतरून घे." गिटार, बास, ड्रम, बस्स. शेवटच्या ओळीच्या आधी सगळं थांबतं. दोन श्वास काहीच नाही. अन् मग धम्मदीप एकटा ती ओळ म्हणतो. ते दोन श्वास माझे सगळ्यात लाडके.

पुण्यावाल्यानं नेमके तेच भरून टाकले! धक् धक् धक् धक्. शांतता पाहवली नाही त्याले. अन् गावाच्या नावाचे तुकडे करून ती मूर्ति-मूर्ति. पण बास काय वाजते त्यात — माझीच बास, पण आंग धरलेली! खुर्ची हलून राहिली होती माझी.

धम्मदीप खूश. म्हणे, आता आपण क्लबात वाजणार. मी म्हटलं, अमरावतीत क्लब दाखव आधी.

७ एप्रिल

बंडूच्या आईनं रिमिक्स ऐकला. कोण्या मंडळाचा आहे म्हणे, अन् आरती कावून नाही त्याच्यात.

१३ एप्रिल, रविवार

थांब जरा. पाणी पिऊन येते आधी.

आली. करिश्माचा फोन होता. माझी मावसबहीण, अकोल्यात जुन्या शहरात राहते. तिच्या गल्लीत काल हळद होती अन् डीजेवर आमचं गाणं वाजलं! मी म्हटलं, पुण्याचं असेल. नाही म्हणे, हे वेगळं, अख्खे शब्द आहेत, अन् बाया सोबत गाऊन राहिल्या होत्या. मग म्हणाली, "दीक्षा, गाणारी तूच हायेस वं." मी म्हटलं, बाई, आमच्यात गातो धम्मदीप. तिनं व्हिडिओच पाठवला.

मी आहे. मीच आहे! "मी इकडून येते." येतो नाही — येते!

कसं झालं असेल तेही कळलं लगेच. धम्मदीपले चाल समजावी म्हणून मी गाणं आधी स्वतः गाऊन फोनमध्ये भरून देते. गाईड म्हणतो आमी त्याले. तो ते कानात ऐकत ऐकत गातो, अन् त्याचं झालं की माझं पुसायचं. शिवायच्या आधी कच्चा धागा टाकतात अन् मग उसवून फेकतात, तेवढीच त्याची किंमत. अन् तेच हळदीत वाजलं! लोक नाचले त्याच्यावर!

सातवीत पंधरा ऑगस्टच्या समूहगीताले बाईंनी मले मागच्या ओळीत उभं केलं होतं. तू फक्त ओठ हलव, म्हणाल्या. वर गेलं की माझा आवाज फाटायचा. सगळ्या पोरींसमोर म्हणाल्या. तेव्हापासून मी ओठच हलवून राहिली. विहारात वंदनासुद्धा मनातल्या मनात. माईकपुढे तर कधीच नाही. अन् आता अकोल्याच्या अख्ख्या गल्लीनं ऐकला तो आवाज. लाज वाटून राहिली अन् व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावूनही राहिली. काय समजावं माणसानं!

कोणी दिलं हे त्या डीजेले? सोडत नाही मी.

१४ एप्रिल

जयंती. सकाळपासून इर्विन चौकात. रागावायले फुरसत नाही. जय भीम!

१५ एप्रिल

सापडला चोर. बंडू!

लग्नसराईत बंडू वरातीत ऑक्टोपॅड वाजवतो. अकोल्याचा सहदेव म्हणून डीजेवाला आहे, त्याच्या गाडीवर. सहदेवनं त्याले म्हटलं, तुमच्या गाण्याचा नुसता आवाज दे, बिनवाद्यांचा, मी वरातीचं बनवतो. बंडूनं पेन ड्राइव्ह भरून दिला. आता याच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरांची नावं ऐका — 'फायनल', 'फायनल नवं', 'खरं फायनल', 'आता बस'. शहाण्यानं 'खरं फायनल' दिलं. धम्मदीपचा आवाज होता 'आता बस'मध्ये. 'खरं फायनल' म्हणजे आमी ज्या दिवशी गाईड करून थकलो त्या दिवशीचं. त्या दिवशी आमाले तेच खरं वाटलं होतं!

लय बोलली मी त्याले. बयताड म्हटलं, ढोर म्हटलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग हळूच म्हणे, "पण भारी वाजते बे ते."

धम्मदीपनं डोळे मिटून अख्खं ऐकलं. चांगलं आहे, म्हणाला. मग गिटार सुरात लावत बसला. गिटार सुरातच होती.

१९ एप्रिल, शनिवार

आज मी घेते त्या शिकवणीले सुट्टी. हेडफोन घातला, खोलीचं दार लावलं, अन् तिन्ही गाणी ओळीनं ऐकली. मूळ, पुणे, अकोला. पुन्हा मूळ. डोक्याले मुंग्या आल्या पण काय दिवस गेला!

मूळ गाण्यात रस्ता आहे. धम्मदीपची गिटार गाडी निघाल्यासारखी सुरू होते, कुरूम स्टेशन जातं, माना जातं, घाई नाही. कोणाची तरी वाट पाहायची असते तेव्हा हे गाणं पाहिजे. पण एक सांगते, फक्त तुलेच सांगते — कडव्यात ते जरा बसतं. धम्मदीप छानच गातो, पण शहाण्या पोरासारखं गातो. ज्याले भेटायचं आहे त्याची तडफड नाही त्याच्यात.

पुण्याचं गाणं चकचकीत. एकेक आवाज पुसून मांडलेला. हळूहळू चढवत नेतो, चढवत नेतो, आता सोडेल, आता सोडेल, अन् सोडतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. हुशार आहे पोट्टा! पण दोस्त कुठे गेले? कोण कोणाले भेटून राहिलं? शब्दांचा भुगा.

अन् अकोला. माय वं! ढोल, शिट्ट्या, कर्ण्यातून आल्यासारखी ती पिपाणी, अन् दर कडव्याच्या मधात एक दणदणीत "सहदेव साउंड, अकोला!" — कोणी गाणं चोरू नये म्हणून आपलं नाव ओरडून ठेवतात हे लोक. शेवटच्या ओळीच्या आधी तर दोनदा! शरम नाही. पण त्या सगळ्या गोंगाटात मी "नीघ" म्हणते ना, तिथं अंगावर काटा येतो. माझ्याच! नीघ म्हणजे नीघ, आत्ताच्या आत्ता नीघ.

एकच कळून नाही राहिलं. आवाज माझाच आहे, पण माझ्यापेक्षा मोकळा आहे. गाईडची मूळ फाइल लावून पाहिली, तर त्यात मी विहिरीत पडल्यासारखी. मग रिमिक्समध्ये वर कशी आली?

२३ एप्रिल

राजकमल चौकात ऑटोत वाजून राहिलं होतं! मी ऑटोच्या बाजूले उभी, तोंडाले स्कार्फ, अन् ऑटोवाला स्टेअरिंगवर ताल धरून माझ्यासोबत गाऊन राहिला. येते म्हणत होता तोही. मिशीवाला माणूस! शिकवणीत एका पोराच्या फोनची रिंगटोन तीच. मी फोन जप्त केला अन् तो वाजायची वाट पाहत बसली.

घरी आली तर आई पालक निवडता निवडता गुणगुणून राहिली. गाणं कोणाचं आहे माहीत आहे काय, विचारलं. आई वर न पाहता म्हणाली, "आपलं पोट्टं वळखू नाई येत काय मले? म्हटलं, तुले सांगाचं तवा सांगशीन."

२७ एप्रिल, रविवार

अकोल्याले जाऊन आली. करिश्मानं नेलं सहदेवकडे, मोर्णा नदीच्या पलीकडे त्यांच्या गल्लीतच त्याची गाडी उभी असते. माणूस डोंगराएवढा, आवाज पोरीसारखा बारीक. संध्याकाळच्या वरातीचे स्पीकर चढवून राहिला होता. मीच गाणारी म्हटल्यावर आधी खुर्ची मागवली, मग उसाचा रस.

मी विचारलं, माझा आवाज असा कसा केला तुमी. त्याले वाटलं मी भांडायले आली. म्हणे, वरातीत पाय उचलले पाहिजेत म्हणून गाणं पळवलं. पळवताना सूर जागच्या जागी धरून ठेवायचं एक बटन असतं, घाईत ते दाबायचं राहून गेलं, तर सगळंच वर सरकलं. चुकलं असेल तर दुरुस्त करून देतो म्हणाला. मी जवळजवळ ओरडलीच, हात लावू नका त्याले!

शेवटच्या ओळीच्या आधी तुमचं नाव तेवढं नका घेऊ, असं मात्र सांगितलं. तर म्हणे, तिथंच तर लोक चूप असतात ताई, नाव ऐकू जातं. आता काय बोलणार!

गाडीत बसून विचारच करून राहिली. सगळंच वर सरकलं, म्हणजे किती वर?

२८ एप्रिल

सापडलं! सापडलं सापडलं सापडलं!

कीबोर्ड काढला. धम्मदीप काळी एकमध्ये गातो, पेटीवरची खालची पट्टी ती, म्हणून आमची सगळी गाणी काळी एकमध्ये. गाईड पण मी तिथंच गायली, त्याच्या जागी बसून. तिथं खालचे सूर आले की माझा आवाज जातच नाही, नुसती हवा निघते. शाळेत बाईंची पेटी असायची काळी पाच, लय वर. तिथं वर गेलं की मी फाटायची. अन् सहदेवचं गाणं — एकेक पट्टी दाबून पाहिली — पांढरी चार!

मग मी पांढरी चार धरली अन् गायली. खऱ्या आवाजात, मशीन नाही, पळवणं नाही, आमच्याच संथ चालीत. खाली गेली, आवाज आहे! वर गेली, आवाज आहे! पूर्ण गाणं गेलं, कुठंच अडलं नाही. आपल्या मापाची चप्पल पहिल्यांदा घातल्यासारखं. इतकी वर्षं मले वाटलं पायच वाकडे आहेत.

आईनं कुकर खाली उतरवला अन् दारात येऊन उभी राहिली. मी अजून एकदा गायली.

बाई, पेटी जरा खाली घेतली असती तर काय बिघडलं असतं तुमचं?

४ मे, रविवार

आनंद अन् सत्यानाश एकाच दिवशी.

अकोल्याहून फोन आला. काही पोरंपोरी मिळून एका लॉनवर गाण्याची संध्याकाळ करतात, डीजे नाही, खरे बँड. चोवीस तारखेले आमाले बोलावलं! आमाले! आमची पहिली खरी स्टेज! फक्त म्हणे, 'येते' म्हणणारी जी आहे, तिनंच गायलं पाहिजे, लोक तिच्यासाठी येतील.

बंडूच्या गच्चीवरच्या खोलीत तिघं बसलो. मी सगळं एका दमात सांगून टाकलं — फोन, पांढरी चार, सहदेवचं बटन. धम्मदीपले म्हटलं, तुले काहीच अवघड नाही, गिटारीच्या गळ्याले तो चाप असतो ना, कॅपो, तो चौथ्या घरात लावला की झालं. बोलता बोलता मले दिसलंच नाही त्याचं तोंड.

तो म्हणाला, "गाणं तुयं. आवाज तुया. मंग म्या तेथं काय करू, वायरी उचलू?"

मी म्हटलं, "मी दोन साल काय केलं मंग?"

झालं. निघून गेलं तोंडातून. त्यानं गिटार पिशवीत घातली अन् जिना उतरून गेला. बंडू चहाचे तीन कप घेऊन वर आला तेव्हा मी एकटी होती.

खोटं बोलली काय मी? खोटं नाही बोलली. पण त्यानं कधी म्हटलं होतं काय की तू गाऊ नको? मीच कधी तोंड उघडलं नाही. धम्मदीपशिवाय कोरडवाहू म्हणजे काय? अन् त्याच्यासोबत पुन्हा ओठ हलवत बसायचं? आता नाही जमणार ते. आता मले माहीत आहे की आवाज आहे.

५ मे

फोन उचलत नाही. नको उचलू! मीही नाही करत.

केला. उचलला नाही.

९ मे, शुक्रवार

आज बंडूनं ओढत नेलं. म्हणे, तो येईल तेव्हा येईल, आपण तर वाजवू. बास, ड्रम अन् मी. माईक! पहिल्यांदा माईकपुढे! सुरुवातीले माझाच आवाज भिंतीवरून परत आला अन् मी दचकून मागं वळून पाहिलं, कोण आहे म्हणून. मग गायली. कडवं संपलं तर ड्रम बंद. बंडू काड्या मांडीवर ठेवून बसलेला. म्हणे, मले सुचलंच नाही वाजवायचं.

मी उडतच घरी यायले पाहिजे होती. नाही आली. गिटारीवाचून ते गाणं पोह्यात कांदाच नसावा तसं झालं होतं. रस्ताच नाही त्यात. अन् शेवटच्या ओळीपाशी आमी थांबलो, तेव्हा आठवलं — ते दोन श्वास माझे नाहीच. मी ओळीमागं ओळ लिहून दिली होती. तिथं थांबू, काही वाजवू नको, हे धम्मदीपनं म्हटलं होतं. मी तेव्हा भांडली होती त्याच्याशी.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

विहारात गेलो. धम्मदीप होता, पांढरा सदरा, खीर वाटून राहिला होता. माझ्यापुढे आला. आईले दिली, मले दिली. जास्तीचे काजू टाकले माझ्या द्रोणात. अन् पुढं सरकला.

वंदना सुरू झाली अन् मी मोठ्यानं म्हटली. ठरवलं नव्हतं. निघालाच आवाज. आजूबाजूच्या बाया पाहायले लागल्या, आईनं डोळे मिटूनच घेतले. पुरुषांच्या बाजूले धम्मदीपनं मान वळवून पाहिलं. किती छान वाटलं म्हणून सांगू! छातीत खिडकी उघडल्यासारखं. मग घरी येऊन लय रडली.

१५ मे, गुरुवार

ठरलं. उद्या अकोल्यावाल्यांना नाही म्हणून सांगते. बंडू तीन वेळा म्हणाला, पुन्हा विचार कर. विचारच करून राहिली मी अकरा दिवस.

मले गायचं आहे. आई शप्पथ, इतकं कधीच काही नव्हतं पाहिजे. चोवीस तारखेचं स्वप्नसुद्धा पडलं. पण त्याच्या जागेवर दुसरा गिटारवाला उभा करून नाही. बंडूनं एक नावही सुचवलं, मी ऐकून घेतलं नाही. स्टेज पुन्हा भेटेल नाही तर नाही भेटणार. गाईन तर मी आता घरात, विहारात, शिकवणीत, कुठंही. ते काही कोणी काढून घेऊ शकत नाही.

पण वाईट लय वाटून राहिलं. लयच.

१६ मे

फोन लावायले घेतला, तर धम्मदीपची फाइल येऊन पडली. मार्चमध्ये मी त्याले एक नवं गाणं लिहून दिलं होतं, त्याची चाल. त्यानं स्वतः गायलेली. 'येते', 'पाहते', सगळं बाईसारखं. कीबोर्डवर पट्टी तपासली — पांढरी चार. वरच्या सुराले आवाज फाटला आहे त्याचा, दोन्ही कडव्यांत, तरी थांबला नाही.

खाली लिहिलं आहे, "गाईड हाय. तुयं गाऊन झालं का पुसून टाकजो."

मी नाही पुसत.